दर लाखी नौपाडा

"कीर्तन ऐकणाऱ्या माणसाच्या हातून जबरी चोरी होत नाही! आणि हे मी आकड्यांनी सिद्ध करून दाखवीन!" असं आनंदराव टिपणीस राममंदिराच्या भर सभेत विश्वस्तांना म्हणाले, आणि त्या क्षणापासून त्यांचे ग्रह फिरले.

माणूस तसा देवभोळा आणि सज्जन. मुंबईच्या एका विमा कंपनीत कोणत्या वयाची माणसं दर लाखी किती मरतात याचे तक्ते करायचे, आणि संध्याकाळी ठाण्याला उतरलं की घरी न जाता थेट नौपाड्यातल्या राममंदिरात कीर्तनाला बसायचं. बुवांनी पूर्वरंगाला हात घातला की आनंदरावांचे डोळे मिटायचे आणि उत्तररंगात ते वाहायला लागायचे. वाईट खोड एकच. दिसेल त्या गोष्टीचं दर लाखी प्रमाण काढायचं! मंदाकिनीबाईंच्या दोन पोळ्या करपल्या तरी ते दर लाखी किती करपल्या ते सांगत. बाई पोळपाट-लाटण्याकडे नुसत्या बघत. तेवढ्याने प्रमाण लगेच खाली येई.

त्या सभेत प्रश्न जिवावरचा होता. आनंदरावांचा बालमित्र मधू गुप्ते याने टायपिंगचा क्लास काढला होता आणि त्याला संध्याकाळी देवळाचा सभामंडप हवा होता. रोज! म्हणजे कीर्तन बंद. क्लासमध्ये यंत्रं दोन. त्यातल्या एकाची घंटा मोडलेली, म्हणून ओळ संपत आली की मधू स्वतः तोंडाने "टिंग!" म्हणायचा.

"काळ बदलला, आनंदा," मधू म्हणाला. "स्वराज्य येऊन सहा वर्षं झाली. मुलांना नोकऱ्या हव्यात. तुझ्या कीर्तनाने काय होतं? माणसं झोपतात!"

"झोपलेला माणूस चोरी करत नाही!" आनंदराव उसळले. "अरे, मी परवाच एका परदेशी मासिकात वाचलं. कोणत्या देशात दर लाखी किती जबरी चोऱ्या होतात त्याचा तक्ता होता. अमेरिका बघ! इंग्लंड बघ! आणि आपण कुठे? पार तळाला! का? तिकडे कीर्तन नाही!"

मुख्य विश्वस्त रावसाहेब कर्णिक हे निवृत्त मामलेदार. त्यांचा देवावर विश्वास होता, पण कागदावर जरा जास्त. ते म्हणाले, "टिपणीस, अमेरिकेचं राहू द्या. आपल्या आळीचा आकडा काय?"

"तोही आणतो!"

"आणा. रामनवमीला अजून आठ दिवस आहेत. त्या दिवशी नागावकर बुवांचं कीर्तन आहे, तेव्हा तुमचा तक्ता खांबावर लावा. सकाळी मी स्वतः चौकीत जाऊन वही पाहीन. आकडा जगापेक्षा कमी असला, तर कीर्तन चालू. नाहीतर मंडप गुप्त्यांचा."

"टिंग!" मधू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आनंदराव आळीच्या टोकाच्या चौकीत गेले. महिपत हवालदार बाकावर बसून शेंगा सोलत होते. मूळचा साताऱ्याकडचा गडी, मिशा अशा की त्यांवर पागोटं वाळत घालावं.

"हवालदार, आपल्या आळीत वर्षभरात जबरी चोऱ्या किती झाल्या?"

महिपतने शेंग खाली ठेवली. "का? करायची हाय का?"

"छे छे! मला प्रमाण काढायचंय. जगाशी तुलना."

"आस्सं व्हय." हवालदारांना जगाचं फारसं कौतुक दिसलं नाही. "मग नीट समजून घ्या, सायेब. घरात कोन नसताना नेलं, ती साधी चोरी. अंगावर येऊन, धाक दावून, ढकलून नेलं, ती जबरी. पाच जनं मिळून आले, तर दरोडा."

"आणि चौघे आले तर?"

"तर पाचव्याची वाट बगायची!"

मग त्यांनी वही उघडली. 'जबरी चोरी' या रकान्यापुढे सुबक अक्षरात एकच शब्द होता : निरंक. मागचं पान, निरंक. त्याच्या मागचं, निरंक! आनंदरावांनी त्या वहीला हात जोडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. हे तर रामराज्य!

"हवालदार, इतकी माणसं, एकही जबरी चोरी नाही?"

"त्याचं काय हाय सायेब," महिपत पुन्हा शेंगांकडे वळले, "लिवलं तर घडलं. न्हाई लिवलं तर न्हाई घडलं."

या वाक्यावर शहाण्या माणसाने तिथेच थांबून विचार केला असता. पण आनंदरावांना ते वेदांतासारखं वाटलं. ते नाचत घरी आले, जाड पुठ्ठा आणला, आणि रात्रीच्या जेवणापूर्वी तक्ता तयार! वर अमेरिका, तांबड्या शाईत, ढेरपोट्या शेटजीसारखी. मग इंग्लंड, मग आणखी पाच-सहा देश. सगळ्यात खाली हिरव्या शाईत 'नौपाडा', आणि त्यापुढे तुळशीच्या मण्याएवढं एक गोंडस शून्य.

"शून्य छान काढलंय," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "पण आठ दिवस टिकेल का?"

टिकायला हवं होतं! पण तिसऱ्याच दिवशी सकाळी चेंदणीची ठमाबाई कोळीण रिकाम्या हाताने कपाळ बडवत दारात आली. ही आनंदरावांकडे नेहमी मासळी घालणारी.

"दादा, लुटलान रे मना! तलावापाशी मेल्यानं पाटीत हात घातलान. मी धरला तं मना ढकललान नि दोन हलवे घेऊन पसार! पाटी तशीच कोपऱ्यावर टाकून आलंय. आता चौकीवर चाललंय, तुम्ही साक्षीला चला."

आनंदरावांच्या डोळ्यांपुढे ते हिरवं शून्य फुटून त्याचा एक झाला. आणि आळीच्या दीड हजार वस्तीत एक म्हणजे दर लाखी सहासष्ट, पार इंग्लंडच्या वर!

"थांब थांब, ठमाबाई! त्याने तुला ढकललं, की तुझा त्याला धक्का लागला?"

"आता! मी कशाला देऊ धक्का?"

"बघ हां, नीट आठव. गर्दी असते. आणि बिचारा भुकेला असेल. रामनवमीचे दिवस, अन्नदान झालं समज!"

"अन्नदान तुम्ही करा, दादा. माजे हलवे कशाला?" ठमाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बरं, नाय जात चौकीवर. पन मग उरलेली पाटी कोन घेल? माजा बाजार चुकला."

"मी घेतो!"

आणि अशा रीतीने रामाच्या नवरात्रात, घरात कांदासुद्धा वर्ज्य असताना, आनंदराव डोक्यावर मासळीची पाटी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"अहो!!!" मंदाकिनीबाई एवढंच म्हणाल्या. पण त्या एका 'अहो'त अख्खं रामायण होतं, युद्धकांडासकट.

मासळी घरात ठेवता येईना आणि टाकता येईना. शेवटी आनंदरावांनी ती पाटी मधू गुप्त्याच्या घरी पोचवली. मधूला देवधर्माचं सोवळं नव्हतं. पण डोकं होतं. "ज्या मित्राशी भांडण चाललंय तो फुकट हलवे का देतो?" असं म्हणून त्याने पहिला तुकडा तोंडात घातला आणि दुसरा घालता घालता ठमाबाईला गाठलं. संध्याकाळपर्यंत मधूला सगळं कळलं. आणि मधूला कळलं की आळीला कळायला रेडिओ लागत नसे.

दुसऱ्या दिवशी काळुराम टांगेवाला हजर!

"आनंदराव, माजा चाबूक नेला. हातातून हिसकला. दांडगा होता मानूस. चौकीवर जाऊ, का तुमीच काय ते बगता?"

"चाबूक ना? घोड्याचं भलं झालं, काळुराम!"

"घोड्याचं झालं. माजं?"

आनंदरावांची शिसवी काठी काळुरामकडे गेली. मग पलीकडच्या चाळीतले सहदेव शिंपी आले. त्यांची छत्री ओढून नेली होती म्हणे. कुठे, कधी, कोणी, काही धड सांगता येईना. पण चौकीचा रस्ता त्यांना नीट माहीत होता. आनंदरावांची छत्री गेली. मग कोणाचा कंदील गेला, म्हणून आनंदरावांचा कंदील गेला. कोणाची घोंगडी गेली, म्हणून आनंदरावांची घोंगडी!

"अहो, एखादा खरा चोर घरात शिरला असता तरी त्याने काही मागे ठेवलं असतं," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "तुम्ही शून्य राखता राखता घराचं शून्य केलंत!"

"कीर्तनासाठी करतोय ना, मंदा!"

"खोटं बोलायला लावताय माणसांना. देवासाठी! मला यात ओढू नका. तुमच्या या पापात मी वाटेकरी नाही हं, सांगून ठेवते!"

आनंदरावांना वाटलं, हे वाक्य आपण कुठेतरी ऐकलंय. पण कुठे ते आठवेना.

रामनवमीचा दिवस उजाडला. रावसाहेब सकाळीच चौकीत जाऊन वही पाहून आले. निरंक! "शाबास, टिपणीस," ते म्हणाले. "कीर्तनाआधी पुन्हा एकदा पाहीन. तोवर एक काम करा. बुवांना द्यायची शाल पेठेतून घेऊन या."

आनंदराव शाल घेऊन निघाले. लाल काठाची, अंजिरी रंगाची सुरेख शाल. वाटेत ते मनात संध्याकाळचं भाषण जुळवत होते, "आज अमेरिकेने नौपाड्याकडे पाहावं..." आणि चौकीपासून वीस पावलांवर एका काटकुळ्या माणसाने त्यांना धक्का दिला, टोपी उडवली, बगलेतली शाल ओढली आणि धूम ठोकली!

आता योगायोग बघा. महिपत हवालदार त्या वर्षात पहिल्यांदाच, शेंगांची टरफलं टाकायला म्हणून, बाहेर आले होते. चोर सरळ त्यांच्या पोटावर आपटला. हवालदारांनी एका हाताने त्याची मानगूट धरली आणि दुसऱ्या हाताने आनंदरावांना चौकीत बोलावलं.

"सायेब, माज्या डोळ्यांदेखत! ढकललं, वढली, पळाला. शंभर टक्के जबरी. आता लिवतोच!" त्यांनी वही ओढली, दौतीत टाक बुडवला.

आनंदराव घामाघूम झाले. एका बाजूला शाल. दुसऱ्या बाजूला शून्य. त्यांनी डोळे मिटून रामाचं नाव घेतलं आणि म्हणाले,

"शाल त्याचीच आहे."

टाक हवेतच राहिला. हवालदार आनंदरावांकडे बघायला लागले. चोर तर तोंड उघडं टाकून बघायला लागला.

"त्याची? मग तुमच्या बगलेत कशी?"

"मी... मी त्याला द्यायलाच निघालो होतो. त्याला घाई झाली इतकंच."

"काय रं?" महिपतने चोराला हलवलं. "तुजी हाय?"

"आसंल," चोर सावधपणे म्हणाला.

"मग घे की पांघरून! उगं माजा टाक वला केला." हवालदारांनी टाक पुसला. चोराने शाल अंगावर घेतली, आनंदरावांना वाकून नमस्कार केला, आणि ऐटीत निघून गेला. त्याच्या साऱ्या आयुष्यात पोलीस चौकीत त्याचा असा सत्कार कधी झाला नसेल!

संध्याकाळी मंडप गच्च भरला. खांबावर तक्ता, समोर रावसाहेब, शेजारी मधू, बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत मंदाकिनीबाई, आणि दाराशी, मोकळ्या हवेसाठी, ठमाबाई. आनंदरावांनी तक्ता समजावला. टाळ्या पडल्या. नागावकर बुवांनी तक्त्याला बुक्का लावला आणि म्हणाले, "जबरी चोरीचा विषय निघालाच आहे, तर आज आख्यानही वाटमाऱ्याचंच लावू!"

आनंदरावांचे डोळे नेहमीप्रमाणे मिटले. पण ओळखीचं आख्यान आज टाचणीसारखं टोचायला लागलं. रानात वाटसरूंना अडवून लुटणारा तो वाटमाऱ्या. त्याला ऋषी भेटतात आणि विचारतात, बाबा रे, हे ज्यांच्यासाठी करतोस ते तुझ्या पापात वाटेकरी आहेत का? तो धावत घरी जातो. आणि बायको काय म्हणते?

"बायको म्हणते," बुवांनी चिपळ्या थांबवल्या, "तुमच्या पापात मी वाटेकरी नाही हं!"

आनंदरावांचे डोळे खाडकन उघडले. समोर मंदाकिनीबाई त्यांच्याकडेच बघत होत्या.

बुवा रंगात आले. "पण मंडळी, त्या वाटमाऱ्याचा एक गुण घ्या! लुटलं की दर वेळी तो रांजणात एक खडा टाकी. सात रांजण भरले, पण एक खडा त्याने चुकवला नाही! पापी होता, लबाड नव्हता. जगात सगळ्यांत खरा हिशेब ठेवला, तो एका लुटारूने! म्हणूनच रामनाम त्याला फळलं."

आनंदराव घटाघटा पाणी प्यायले. तेवढ्यात आख्यान संपलं, आणि रावसाहेब उठून म्हणाले, "आता बुवांचा सन्मान. टिपणीस, शाल?"

आनंदराव उभे राहिले. त्यांची नजर मंडपभर फिरली आणि मागच्या खांबापाशी थांबली. तिथे अंजिरी शाल पांघरून तो काटकुळा माणूस बसला होता, आणि उपरण्याने नाही, शालीच्या लाल काठाने डोळे पुसत होता!

एक शब्द बोलले असते तर शाल मिळाली असती. नाही बोलले असते तर कीर्तन टिकलं असतं. आनंदरावांनी दोन्हींकडे पाठ फिरवली. मग अंगणात गेले, वाकून एक खडा उचलला आणि परत आले.

"बुवा, शाल नाही. आज सकाळी माझ्या अंगावर येऊन ओढून नेली. आणि मी चौकीत खोटं बोललो. आकडा बिघडू नये म्हणून." त्यांनी तक्त्याकडे बोट केलं. "ते शून्य खरं नाही, रावसाहेब. ते मी विकत घेतलंय. काठी, छत्री, कंदील, घोंगडी आणि एक पाटी मासळी देऊन. हा माझा खडा."

मंडपात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. पण त्याआधी ठमाबाई पडली, म्हणजे तिचा आवाज.

"माजा बी एक धरा! ढकललान मना, धक्काबिक्का काय नव्हता!"

"माजा बी," काळुराम म्हणाला.

रावसाहेबांनी हात वर केला. "थांबा. कागद नको. देवळाचा पाण्याचा रांजण रिकामा करून इथे आणा. ज्याच्याकडून वर्षभरात काही हिसकावून नेलं आणि जो चौकीत बोलला नाही, त्याने एक खडा टाकावा."

रांजण आला. आणि मग काय सांगावं! चरणामृताला लागावी तशी रांग लागली. टण्, टण्, टण्! कोणाची पिशवी, कोणाचं घड्याळ, कोणाचं कोंबडं. सहदेव शिंपी खडा घेऊन आले, रांजणापाशी जरा थांबले, आणि "छत्री मी विसरलो होतो, दुकानातच आहे," असं पुटपुटत खडा खिशात घालून परत गेले. ऐंशीच्या घरातल्या रखमाबाई काठी टेकत आल्या आणि त्यांनी खडा टाकला.

"आजी, तुमचं काय नेलं?" आनंदरावांनी विचारलं.

"माझ्या पाटल्या. सासूबाईंनी हातातून ओढून काढल्या."

"अहो, पण त्याला साठ वर्षं झाली! आणि ती जबरी चोरी नव्हे, तो घरगुती..."

"ओढल्या की नाही? मी रडले की नाही?" आजी गरजल्या. "खडा राहील!"

खडा राहिला. शेवटी रावसाहेबांनी मोजले. सदतीस.

आनंदरावांनी मनाला खूप आवरलं. पण खोड ती खोड. आळीची वस्ती दीड हजार, खडे सदतीस, म्हणजे दर लाखी... त्यांचे ओठ हलायला लागले. "दोन हजार चारशे सहासष्ट, आणि वर थोडे," ते क्षीण आवाजात म्हणाले. मग तक्त्यापाशी गेले, हिरवा नौपाडा खोडला आणि तांबड्या शाईत पार वर लिहिला. अमेरिकेच्या डोक्यावर जागा उरली नव्हती, म्हणून पुठ्ठ्याच्या बाहेर खांबावर लिहावं लागलं!

"जगात पहिला नंबर!" मधूने टाळी वाजवली. "टिंग!"

आनंदरावांनी खाली मान घातली. कीर्तन गेलं. तीस वर्षांची संध्याकाळ गेली.

रावसाहेबांनी घसा खाकरला. "गुप्ते, टिंग राहू द्या. मी पस्तीस वर्षं मामलेदारी केली. कचेरीत, कोर्टात, शपथेवर, पण इतकी माणसं एका बैठकीत इतकं खरं बोललेली मी पाहिली नाहीत. सहदेव शिंपीसुद्धा! टिपणीस, तुमचा आकडा साफ खोटा होता. पण कीर्तनाने माणसाला काय होतं ते मी आज पाहिलं. मंडप कीर्तनाचाच. गुप्ते, तुम्ही सकाळी या."

मधूनेही मोठ्या मनाने मान डोलावली. म्हणाला, "चालेल. हलवे चांगले होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी आनंदराव काकडआरतीला गेले, तर मंडपात रांजण नव्हता! चोरीला गेला होता. रांजणाच्या जागी जमिनीवर एक गाठोडं होतं. अंजिरी, लाल काठाचं. तीच शाल! आनंदरावांनी गाठ सोडली. आत खडे होते. सगळेच्या सगळे, धुऊन पुसून. त्यांनी मोजले. पुन्हा मोजले.

अडतीस!

आनंदराव तसेच धावत चौकीत गेले. "हवालदार! लिहा! देवळाचा रांजण चोरीला गेला! या वेळी मी एक अक्षर खोटं बोलणार नाही. शाल परत आली तेही लिहा. आणि मुख्य म्हणजे हे लिहा, की चोराने आपल्या चोरीचा खडा स्वतः टाकलाय! अमेरिकेत आहे का असा एक तरी चोर? आहे का इंग्लंडात?"

महिपत हवालदारांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. वही पुढ्यात ओढली. टाक उचलला. मग काहीतरी सुचल्यासारखं थांबले.

"म्हंजे चोरानं नोंद केली म्हना की?"

"केली! स्वतःच्या हाताने केली!"

"मग झालं तर," हवालदार वही मिटून शेंगांकडे वळले. "येकाच चोरीची दोन ठिकानी नोंद कशापायी?"